निमित्त आणि कारण : अथेन्स व स्पार्टा यांचे युद्ध का झाले?



इतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासताना एक उत्तर आम्हांला वर्षानुवर्षे भेटत आले आहे. प्रश्न असतो, '1857 चा उठाव का झाला?' आणि उत्तर असते, 'काडतुसांना चरबी लावली होती म्हणून.' प्रश्न असतो, 'पहिले महायुद्ध का झाले?' उत्तर येते, '1914 मध्ये साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला म्हणून.' ही उत्तरे चूक नाहीत, पण अर्धवट आहेत. खून तर जगात पुष्कळ होतात. प्रत्येक खुनामागे महायुद्ध का होत नाही? असा उलट प्रश्न विचारला की मुले गप्प बसतात.

आमचे स्वतःचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. तेथे 'तात्कालिक कारण' आणि 'मूल कारण' असे दोन शब्द घोटून पाठ करून घेतले जात. मराठीत त्यासाठी अधिक सोपी जोडी आहे : निमित्त आणि कारण. आपल्याकडे म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. कावळा हे निमित्त. पण फांदी आतून किडलेली होती, हे कारण. इतिहास शिकायचा म्हणजे कावळा कोणता होता एवढेच पाठ करायचे नाही, तर फांदीला कीड कधी लागली, कशी वाढली आणि वेळेवर कोणी पाहिली की नाही, हे शोधायचे.

हा फरक जगात फार स्पष्टपणे मांडणाऱ्या पहिल्या इतिहासकारांपैकी एक होता थ्युसिडिडीस. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी अथेन्स आणि स्पार्टा या ग्रीक नगरराज्यांत इ.स.पू. 431 ते 404 असे सत्तावीस वर्षे युद्ध चालले. त्याला पेलोपोनेशियन युद्ध म्हणतात. थ्युसिडिडीस स्वतः अथेन्सचा. युद्ध सुरू झाले तेव्हाच हे फार मोठे प्रकरण होणार हे ओळखून त्याने लिहायला घेतले. पुढे तो सेनापती झाला. इ.स.पू. 424 मध्ये अँफिपोलिस हे शहर त्याच्या हातून गेले आणि त्याला वीस वर्षे हद्दपारी भोगावी लागली. त्या काळात त्याला दोन्ही बाजू पाहता आल्या. युद्धापूर्वी लोक ज्या तक्रारी उघडपणे करत होते त्या त्याने वेगळ्या सांगितल्या, आणि जे खरे कारण फारसे कोणी बोलून दाखवत नव्हते ते वेगळे सांगितले. ते असे : अथेन्सची ताकद वाढत गेली आणि त्या वाढीने स्पार्टाच्या मनात भीती उत्पन्न झाली.

हे एका वाक्यात सांगता येते, पण ते समजायला पन्नास वर्षे मागे जावे लागते. चला, जाऊ या.

दोन मित्र, दोन स्वभाव

इ.स.पू. 480 मध्ये इराणचा बादशहा झर्क्सीस प्रचंड सैन्य घेऊन ग्रीसवर चालून आला. तेव्हा अथेन्स आणि स्पार्टा एका बाजूला होते, शत्रू नव्हते. थर्मोपिलीच्या खिंडीत स्पार्टाचा राजा लिओनिडास लढता लढता पडला. सॅलॅमिसच्या समुद्रात मुख्यतः अथेन्सच्या आरमाराने इराणी आरमार मोडले. दुसऱ्या वर्षी प्लॅटियाच्या मैदानावर स्पार्टाच्या नेतृत्वाखाली ग्रीकांनी इराणी फौजेचा पराभव केला. जमीन स्पार्टाने राखली, समुद्र अथेन्सने.

यातच दोघांचा स्वभाव दिसतो. स्पार्टाचे सारे बळ पायदळात. तेथील नागरिक लहानपणापासून लष्करी शिस्तीत वाढत. शेती करायला हेलोट नावाचे गुलामवत लोक होते आणि त्यांची संख्या नागरिकांपेक्षा कितीतरी जास्त होती. हे लोक कधी उठतील याचा नेम नाही, ही धास्ती स्पार्टाला कायमची. म्हणून बाहेरून पाहता सर्वांत शूर वाटणारे हे राज्य आतून फार सावध होते. आपले सैन्य घरापासून लांब पाठवायला ते सहसा तयार नसे.

अथेन्सचे उलट. इ.स.पू. 483 च्या सुमारास लॉरियनच्या खाणीत चांदीचा मोठा साठा सापडला. ती चांदी नागरिकांत वाटून टाकण्याऐवजी तिच्यातून युद्धनौका बांधाव्यात, असे थेमिस्टोक्लीसने लोकांना पटवले. नौका वल्हवायला माणसे लागतात आणि ती गरीब वस्तीतून आली. ज्यांच्या हातांवर राज्याचे रक्षण अवलंबून, त्यांना सभेत मतही मिळणारच. अशा रीतीने आरमार आणि लोकशाही तेथे बरोबरीने वाढली. अथेन्सचे धान्य काळ्या समुद्राच्या बाजूने जहाजांतून येई, त्यामुळे समुद्रावर ताबा ठेवणे ही त्यांची पोटाची गरजही होती.

संघाचे साम्राज्य कसे झाले?

इराणचा धोका पुन्हा येऊ नये म्हणून इ.स.पू. 478-477 मध्ये अथेन्सच्या पुढाकाराने समुद्रकाठच्या आणि बेटांवरच्या ग्रीक राज्यांचा एक संघ झाला. त्याचा खजिना डेलॉस बेटावर होता, म्हणून त्याला डेलॉसचा संघ म्हणतात. प्रत्येकाने नौका द्याव्यात किंवा पैसा द्यावा, असे ठरले. अरिस्टायडीसने, जो प्रामाणिकपणाबद्दल प्रसिद्ध होता, वाटणी ठरवली. पहिली एकूण आकारणी 460 टॅलेंट होती असे थ्युसिडिडीस सांगतो.

सुरुवात तर चांगली झाली. पण पुष्कळ सभासदांना नौका बांधून लढायला जाण्यापेक्षा पैसा देऊन घरी बसणे सोयीचे वाटले. त्या पैशातून नौका कोणी बांधल्या? अथेन्सने. म्हणजे सभासद स्वतःच्या पैशाने अथेन्सला बळकट आणि स्वतःला दुबळे करत गेले. नॅक्सॉस बेटाने संघातून बाहेर पडायचे ठरवले तेव्हा त्याला बळाने परत आणले. इ.स.पू. 465 मध्ये थेसॉस बेटाने तसा प्रयत्न केला तेव्हा त्याची तटबंदी पाडली, नौका काढून घेतल्या. इ.स.पू. 454 मध्ये खजिनाच डेलॉसवरून अथेन्सला आला. 447 मध्ये अथेन्समध्ये पार्थेनॉन या भव्य मंदिराचे काम सुरू झाले. मित्रराज्यांनी युद्धासाठी दिलेल्या पैशातून आपण आपले शहर सजवत आहोत, अशी टीका खुद्द अथेन्समध्येच झाली. आज आपण पार्थेनॉनची चित्रे पाहून धन्य होतो. त्या काळच्या लहान राज्यांना त्या संगमरवरात आपली वर्गणी दिसत असेल.

संशयाची कीड

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे आपण म्हणतो. पण तलवारी लगेच एकमेकींवर आपटत नाहीत. आधी संशय वाढतो.

इराणी सैन्य परतल्यावर अथेन्सने आपली पडलेली तटबंदी पुन्हा बांधायला घेतली. स्पार्टाने सुचवले की बांधू नका. थेमिस्टोक्लीस स्वतः स्पार्टाला गेला आणि तेथे बोलणी लांबवत राहिला. इकडे अथेन्समध्ये स्त्रिया-मुलांसह सर्वांनी भिंत उभी केली आणि मगच त्याने सत्य सांगितले. स्पार्टाने वरवर राग दाखवला नाही, पण मनात ठेवला.

इ.स.पू. 464 च्या सुमारास स्पार्टात मोठा भूकंप झाला. शहराची हानी झाली आणि संधी साधून हेलोट उठले. स्पार्टाने मदत मागितली. अथेन्सचा सेनापती किमॉन हा स्पार्टाशी मैत्री ठेवणारा होता. तो फौज घेऊन गेला. परंतु हे लोकशाहीवादी लोक उद्या आपल्या हेलोटांनाच जाऊन मिळतील, अशी शंका स्पार्टाला आली आणि सर्व मित्रांपैकी फक्त अथेन्सच्या फौजेला परत पाठवले. मदतीला गेलेल्याला दारातून परत पाठवणे, हा अपमान कोण विसरेल? किमॉनची लोकप्रियता संपली आणि अथेन्सने स्पार्टाच्या विरोधकांशी मैत्री केली.

यानंतर अथेन्सने शहरापासून पिरियस बंदरापर्यंत लांब भिंती बांधल्या. अथेन्सच्या दृष्टीने ही केवळ सुरक्षितता होती. पण स्पार्टाच्या बाजूने पाहा. त्यांचे एकमेव शस्त्र म्हणजे पायदळ. शत्रूच्या शेतात उतरून पिके जाळली की तो बाहेर येऊन लढतो, हा त्यांचा नेहमीचा डाव. आता अथेन्स भिंतीआड बसून समुद्रमार्गे धान्य आणू शकत होते. एकाची ढाल दुसऱ्याला तलवारीसारखी वाटू लागली. मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. पुष्कळ युद्धांच्या मुळाशी हेच असते.

दोघांत चकमकी झाल्या. अखेर इ.स.पू. 446-445 मध्ये तीस वर्षांचा तह झाला. त्यात एक फार शहाणे कलम होते : पुढे वाद झाल्यास तो लवादाकडे न्यावा. तह मात्र पंधरा वर्षेही टिकला नाही.

तीन निमित्ते

आता कावळे येतात. एक नव्हे, तीन.

पहिले कॉर्सिराचे. एपिडॅम्नस नावाच्या दूरच्या गावात गृहकलह झाला. हे गाव कॉर्सिराने वसवलेले आणि कॉर्सिरा कॉरिंथने वसवलेले. म्हणजे आई, मुलगी आणि नात! नातीच्या भांडणात आई आणि मुलगी एकमेकींविरुद्ध उभ्या राहिल्या. इ.स.पू. 435 मध्ये कॉर्सिराने समुद्रात कॉरिंथचा पराभव केला. कॉरिंथ सूडाची तयारी करू लागले तेव्हा कॉर्सिराचे वकील अथेन्सला गेले. त्यांचा युक्तिवाद पाहण्यासारखा आहे : ग्रीसमध्ये तीन मोठी आरमारे आहेत, तुमचे, आमचे आणि कॉरिंथचे. युद्ध तर होणारच आहे. तेव्हा आमचे आरमार तुमच्याकडे असावे की त्यांच्याकडे? अथेन्सच्या सभेने दोन दिवस चर्चा केली आणि फक्त बचावापुरता करार केला. आधी दहाच नौका पाठवल्या, त्यामागून आणखी वीस. परंतु इ.स.पू. 433 मध्ये सिबोटाच्या लढाईत त्या नौका कॉरिंथशी भिडल्याच. 'युद्ध होणारच' असे धरून चाललेल्या तयारीनेच युद्ध जवळ आणले.

दुसरे पोटिडियाचे. हे शहर कॉरिंथने वसवलेले, पण अथेन्सला खंडणी देणारे. सिबोटानंतर अथेन्सला त्याचा भरवसा वाटेना. भिंत पाडा, ओलीस द्या, कॉरिंथचे अधिकारी परत पाठवा, असा हुकूम झाला. इ.स.पू. 432 मध्ये पोटिडियाने बंड केले आणि अथेन्सने वेढा घातला.

तिसरे मेगाराचे. मेगारा हे अथेन्स आणि पेलोपोनीस यांच्या वाटेवरचे छोटे राज्य. अथेन्सने ठराव करून मेगाराच्या लोकांना आपल्या साम्राज्यातील सर्व बंदरे आणि स्वतःची बाजारपेठ बंद केली. आजच्या भाषेत ही आर्थिक नाकेबंदी.

इ.स.पू. 432 मध्ये स्पार्टाच्या सभेत कॉरिंथने गाऱ्हाणे मांडले आणि तुम्ही उठत नसाल तर आम्ही दुसरे मित्र शोधू, असे सुनावले. स्पार्टाचा वृद्ध राजा आर्किडेमस याने सबुरीचा सल्ला दिला. आपल्याकडे नौका नाहीत, पैसा नाही. घाई करू नका, दोन-तीन वर्षे तयारी करा, तोवर बोलणी चालू ठेवा, अथेन्स लवादाला तयार आहे, असे त्याचे म्हणणे. स्थेनेलायडस नावाचा अधिकारी उठला आणि थोडक्यात म्हणाला की मित्रांवर अन्याय होत असताना चर्चा कसली? स्पार्टात मतदान आरोळीने होई. कोणती आरोळी मोठी ते कळत नाही असे म्हणून त्याने लोकांना दोन बाजूंना उभे केले. बहुसंख्य लोक युद्धाच्या बाजूला गेले. शेजाऱ्यांच्या देखत सबुरीच्या बाजूला जाऊन उभे राहणे किती अवघड असते, हे सांगायला नको.

नंतर स्पार्टाचे वकील अथेन्सला आले. मेगाराचा ठराव मागे घ्या म्हणजे युद्ध टळेल, असा निरोप होता. अथेन्सचा नेता पेरिक्लीस म्हणाला की गोष्ट लहान दिसते, पण आज भीतीने एवढे सोडले तर उद्या अधिक मागतील. लवाद मान्य असेल तर बोलू. स्पार्टाने लवाद मानला नाही. इ.स.पू. 431 च्या वसंतात स्पार्टाचा मित्र थीब्झ याने रात्री प्लॅटियावर हल्ला केला आणि युद्ध पेटले.

इ.स.पू. 425 मध्ये ऍरिस्टोफेनीसच्या 'अकार्नियन्स' या विनोदी नाटकात मेगाराच्या ठरावाची यथेच्छ टिंगल आहे. एवढ्याशा गोष्टीवरून एवढे युद्ध, हे सामान्य माणसालाही विचित्र वाटत होते. निमित्त सर्वांना दिसत होते, कारण थोड्यांनाच.

भीती, मान आणि लाभ

मग खरी कारणे कोणती? आम्ही विद्यार्थ्यांसाठी ती अशी मांडतो. एक, अथेन्सची वाढती सत्ता आणि तिची स्पार्टाला वाटणारी भीती. दोन, जुने अपमान आणि साचलेला संशय. तीन, दोन्हीकडचे गट, ज्यामुळे लहानांचे भांडण मोठ्यांच्या दारात येऊन पडे. चार, दोन भिन्न राज्यपद्धती आणि एकमेकींविषयी अविश्वास. पाच, व्यापार आणि समुद्रमार्ग यांवरील ताबा. थ्युसिडिडीसने अथेन्सच्या वकिलांच्या तोंडून राज्यांना चालवणाऱ्या तीन प्रेरणा सांगितल्या आहेत : भीती, मान आणि लाभ. वरील पाचही कारणे या तिघींत बसवता येतात. करून पाहा.

पण मूळ कारणे होती म्हणजे युद्ध अटळ होते का? येथे विद्वानांतही मतभेद आहेत. अमेरिकन इतिहासकार डोनाल्ड केगन यांनी 1969 च्या आपल्या ग्रंथात युद्ध टाळता येण्याजोगे होते असे मांडले. नेत्यांनी प्रत्येक वळणावर चुकीचे निर्णय घेतले, असे त्यांचे मत. इंग्रज इतिहासकार द सेंट क्रॉय यांनी 1972 मध्ये मुख्य दोष स्पार्टाकडे दिला. 2017 मध्ये ग्रॅहॅम ऍलिसन यांनी चीन आणि अमेरिका यांच्या संदर्भात 'थ्युसिडिडीसचा सापळा' ही कल्पना पुस्तकरूपाने मांडली. गेल्या पाचशे वर्षांत उगवती सत्ता आणि प्रस्थापित सत्ता समोरासमोर आल्याची सोळा उदाहरणे त्यांनी घेतली. त्यांपैकी बारांत युद्ध झाले, चारांत झाले नाही. त्यांच्या निवडीवर टीकाही झाली. आम्हांला मात्र त्या चारांचे महत्त्व अधिक वाटते. सापळा समोर असूनही पाऊल मागे घेता येते, हे त्यांतून दिसते.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. युद्ध चालू असताना स्पार्टाला पायलॉस येथे इ.स.पू. 425 मध्ये मोठी नामुष्की पत्करावी लागली. तेव्हा आपण तहातील लवादाचे कलम मोडले, म्हणून हे संकट ओढवले, असे स्पार्टाच्या लोकांना नंतर वाटू लागले, अशी नोंद थ्युसिडिडीसनेच केली आहे. वाट उपलब्ध होती, ती नाकारली गेली आणि नाकारणाऱ्यांनाही ते कळत होते.

दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ

युद्धाने काय दिले? इ.स.पू. 430 मध्ये भिंतींच्या आत दाटीने राहिलेल्या अथेन्समध्ये साथ आली. हजारो माणसे मेली. दुसऱ्या वर्षी पेरिक्लीसही गेला. जी भिंत तारणार होती तिच्याच आत मृत्यू शिरला. 415 मध्ये अथेन्सने सिसिलीवर मोहीम काढली, ती 413 मध्ये पूर्ण बुडाली. अखेर इराणच्या पैशाने स्पार्टाने आरमार उभारले आणि इ.स.पू. 405 मध्ये इगोस्पोटामी येथे अथेन्सचे आरमार संपवले. 404 मध्ये अथेन्स शरण आले. लांब भिंती बासरीच्या सुरांवर पाडण्यात आल्या. आज ग्रीसच्या स्वातंत्र्याचा पहिला दिवस, असे लोक म्हणत होते.

ते स्वातंत्र्य कसले! ज्या इराणविरुद्ध दोघे एकत्र लढले होते, त्याच इराणच्या बादशहाच्या नावाने इ.स.पू. 386 मध्ये तह झाला आणि आशियातील ग्रीक शहरे त्याच्या ताब्यात गेली. 371 मध्ये ल्युक्ट्रा येथे थीब्झने स्पार्टाचा पराभव केला. 338 मध्ये मॅसिडोनियाचा फिलिप कायरोनियाच्या लढाईत जिंकला आणि ग्रीक नगरराज्यांचे स्वातंत्र्य जवळजवळ संपले. जिंकलेला आणि हरलेला, दोघेही अखेर एकाच रांगेत उभे राहिले.

मित्रांनो, यापुढे कोणत्याही युद्धाविषयी वाचताना वहीत दोन रकाने करा. डावीकडे निमित्ते, उजवीकडे कारणे. आणि खाली तिसरी ओळ : कोणत्या वळणावर ते टळू शकले असते? ही तिसरी ओळ पाठ्यपुस्तकात सहसा नसते, ती तुम्हांलाच शोधावी लागेल. पालकांना विनंती, दूरदर्शनवर युद्धाची बातमी लागली की मुलांना 'कोण जिंकतंय?' एवढेच विचारू नका, 'हे कधीपासून चाललंय?' असेही विचारा. आणि आम्ही मोठी माणसे, संस्था चालवणारी, वर्ग चालवणारी, घर चालवणारी, आपणही हे लक्षात ठेवू या की संशय लहान असताना बोलून निस्तरता येतो. तो भिंतीएवढा झाला की मग कोणताही कावळा पुरतो.